टाकीवरची तारीख कोण वाचणार? ऑटो एलपीजीबद्दल खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच अन्न व नागरी पुरवठा विभाग आणि तेल कंपन्यांमध्ये ऑटो एलपीजीचे काम पाहणारे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

गाड्यांना एलपीजी किट बसवणे, ट्यून करणे आणि बिघडले की उघडणे हा आमचा धंदा. कुठे व्हॅन पेटली की ‘गॅस किटचा स्फोट’ असा मथळा येतो आणि गॅरेजच्या दारापर्यंत आलेले गिऱ्हाईक माघारी फिरते. अशा घटनांत पेटलेला असतो तो अनेकदा घरगुती टाकीतून गाडीत गॅस ओतताना जमिनीवर सांडलेला गॅस. किटचा त्यात हात नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात एका व्हॅनमध्ये असाच गॅस भरला जात असताना स्फोट झाला, माणसे होरपळली, काही दगावली. अशी घटना घडली की चार दिवस छापे पडतात, पंप आणि नळ्या जप्त होतात, आणि पुन्हा सगळे होते तसे सुरू. हे आम्हाला आता मुकाट्याने बघवत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

ऑटो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण, दाबाखाली द्रव करून टाकीत ठेवलेले. मोटार वाहन कायद्यात २००० साली दुरुस्ती होईपर्यंत आपल्याकडे ते गाडीत वापरणेच बेकायदा होते. २००१ च्या केंद्रीय आदेशाने त्याची रीतसर चौकट आखून दिली. टाकीला आयएस (भारतीय मानक) १४८९९, तिच्यावर बसणाऱ्या, गॅसची ये-जा सांभाळणाऱ्या मल्टिव्हॉल्व्हला आयएस १५१००, खुद्द गॅसला आयएस १४८६१. नियमांत खोट नाही. शिवाय हे नियम पाहणाऱ्या मोठ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत: टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरात, वाहने आणि किट तपासणारी एआरएआय पुण्यात, व्हीआरडीई अहिल्यानगरजवळ. काखेत कळसा आहे, आणि रिक्षावाला मात्र गल्लीबोळात उलट्या टाकीखाली गाडी लावून उभा आहे.

सीएनजी असताना एलपीजी हवाच कशाला, हा प्रश्न येणार. सीएनजी २०० बार दाबाने भरावा लागतो. त्याला पाइपलाइन हवी किंवा ट्रकवरून सिलिंडरांचे जोडलेले संच (कॅस्केड) आणायला हवेत, वर कॉम्प्रेसर हवा. एलपीजी टँकरने कुठेही पोहोचतो आणि टाकीत साधारण ५ ते १० बारला राहतो. जिथे पाइपलाइन अजून गेलेली नाही त्या तालुक्याच्या गावी रिक्षाला स्वच्छ इंधन द्यायचे तर आज हाच सोपा मार्ग आहे. बंगळूर आणि कोलकात्याच्या अनेक रिक्षा याच गॅसवर धावतात. तुर्कस्तान आणि पोलंडमध्ये तर घरच्या मोटारी लाखांच्या संख्येने चालतात. एलपीजी आपणही मोठ्या प्रमाणात आयातच करतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पेट्रोलचे कच्चे तेल तरी कुठे घरचे आहे?

आमची पहिली तक्रार या चोरट्या भरण्याबद्दल. ते धोकादायक का, हे छापा घालणाऱ्या पथकालाही कुणी नीट सांगितलेले दिसत नाही; पंचनाम्यात फक्त टाक्यांची संख्या येते.

घरगुती टाकीचा वॉल्व्ह वरच्या बाजूचा वायू देण्यासाठी असतो. गाडीत ओतायला द्रव लागतो, म्हणून टाकी उलटी करतात. तिला रबरी नळीने एक छोटा मोटरपंप जोडतात आणि नळीचे दुसरे टोक गाडीच्या फिलरला, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाला. ती मोटर ज्वालारोधक नसते. तिच्या आत आणि स्विचमध्ये ठिणगी पडते. नळी सोडवताना तिच्यातला द्रव बाहेर येतो. एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो आणि हवेत हा वायू २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. गणित केले तर आठ फूट लांब, आठ फूट रुंद, सात फूट उंच खोली पेटण्याजोगी करायला एक लिटर पुरतो. त्यात प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, गटारात उतरतो, पायरीखाली साचतो. वास उभ्या माणसाच्या नाकापर्यंत येईतो खाली मोटरभोवती त्याचे तळे झालेले असते.

दुसरा धोका टाकीच्या आत. गाडीची टाकी ८० टक्के भरली की मल्टिव्हॉल्व्हमधला फ्लोट (काडीवरचा तरंगता गोळा) भरणे बंद करतो. उरलेली २० टक्के जागा वाया गेलेली नसते. द्रव तापून फुगतो त्यासाठी ती राखलेली असते. हे मिश्रण दर अंशाला साधारण पाव टक्का फुगते. सकाळी २५ अंशांना ८० टक्के भरलेली टाकी चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ५५ अंशांवर गेली तर द्रव ८६ टक्क्यांपर्यंत येतो आणि काही बिघडत नाही. तीच टाकी ९५ टक्के भरली असेल तर हिशोब १०२ वर जातो, म्हणजे टाकीत वायूला जागाच उरत नाही. अशा ठासून भरलेल्या टाकीत पुढच्या एकेका अंशाला दाब काही बारने उडी मारतो. मग सेफ्टी वॉल्व्ह उघडून गॅस बाहेर फेकतो. तो वॉल्व्ह गंजून जाम झाला असेल तर पुढचे लिहायला नको. फ्लोट अडकलेला असला तरी मोटरपंप गॅस रेटत राहतो. आणि ‘थोडा जास्त बसू दे’ म्हणून फ्लोटची काडी वाकवून मागणारे गिऱ्हाईक असते, वाकवून देणारा कारागीरही असतो. आमच्याच धंद्यातला तो माणूस आहे, हे आम्ही लपवत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे घरगुती टाकीच डिकीत ठेवून तिची नळी थेट इंजिनाकडे नेणे. तिला पट्टे नाहीत, नळी तुटली तर गॅस आपोआप थोपवणारा एक्सेस फ्लो वॉल्व्ह नाही, आणि गळती गाडीबाहेर नेणारा हवाबंद डबाही नाही.

एवढे असून माणसे हे का करतात? दरामुळे. मुंबईत एप्रिल २०२५ पासून १४.२ किलोची घरगुती टाकी ८५२.५० रुपयांना होती, म्हणजे किलोला ६० रुपये. पंपावर ऑटो एलपीजी लिटरने विकतात. लिटरचा दर ०.५४ ने भागा, किलोचा दर निघेल. लिटर ५४ रुपयांना असेल तर किलो १०० ला पडतो. या दोन आकड्यांच्या मधल्या खाचेत चोरटे भरणारा उभा असतो. त्या खाचेत कराचाही वाटा आहे: घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के, ऑटो एलपीजीवर १८. सीएनजी जीएसटीबाहेर असल्याने राज्याने १ एप्रिल २०२२ पासून त्यावरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, आणि ते चांगलेच केले. ऑटो एलपीजीवर राज्य एकटे असे करू शकत नाही, पण जीएसटी परिषदेत राज्याचा मंत्री बसतो. ऑटो एलपीजीला ५ टक्क्यांत आणण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने तिथे लेखी मांडावा, ही आमची मागणी आहे. सबसिडी आम्ही मागत नाही, आणि घरगुती टाकी महाग करा असे तर मुळीच म्हणत नाही.

नागरी पुरवठा विभागाला एक सांगणे. घरगुती गॅस गाडीत भरणे हा जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे आणि तुमचे लोक तो रिक्षावाल्यावर लावतात. पण भरण्याच्या अड्ड्यावर पंधरा-वीस टाक्या मिळतात तेव्हा त्या कुठल्या वितरकाकडून, कुणाच्या नावावर निघाल्या, याचा माग काढणे अवघड नाही. प्रत्येक टाकीवर क्रमांक असतो आणि प्रत्येक बुकिंगची नोंद असते. त्या दिशेने तपास झाला नाही तर अड्डा फक्त पत्ता बदलतो.

दुसरी तक्रार पत्राच्या मथळ्यातली, आणि आमच्या मते सर्वांत मोठी.

गाडीत कायमच्या बसवलेल्या एलपीजी टाकीची चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी, असा नियम आहे. टाकी उतरवायची, गॅस पूर्ण काढायचा, मल्टिव्हॉल्व्ह सोडवायचा, आतून-बाहेरून गंज पाहायचा, पाणी भरून दाब द्यायचा आणि नवी तारीख टाकीवर ठोकायची. रिक्षात टाकी सीटखाली असते. पावसाचे पाणी पट्ट्याखाली साचते आणि गंज नेमका तिथे धरतो, जिथे पट्टा सोडल्याशिवाय तो दिसत नाही. वरून रंग चकचकीत, पट्ट्याखाली पापुद्रे. म्हणून नुसती नजर टाकून भागत नाही.

आता ही तारीख पाहतो कोण? रिक्षा-टॅक्सीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते, म्हणजे निदान संधी तरी येते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पाचव्या आणि दहाव्या वर्षीची चाचणी झाली की नाही हे पाहण्याची वेळ सरकारवर पंधराव्या वर्षापर्यंत येतच नाही. मधल्या काळात पीयूसी होते, पण पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो. डिकीत डोकावणे त्याचे काम नाही.

म्हणून मागणी अशी. आरसीवर एलपीजीची नोंद होते तेव्हाच टाकीचा क्रमांक, क्षमता (पाणी किती लिटर मावते ती) आणि पुढच्या चाचणीची तारीख ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत चढवावी आणि मुदत संपण्याआधी मालकाला मेसेज जावा. एलपीजी गाडीचे पीयूसी देताना टाकीच्या पाटीचा फोटो सक्तीचा करावा. चाचणीची मुदत टळलेल्या टाकीत पंपावर गॅस भरू नये. सीएनजी पंपांवर पाटी बघूनच नोझल लावण्याची पद्धत आहे, तीच इथे हवी. आणि आधी चाचणीची सोय जिल्ह्याजिल्ह्यात करा. रिक्षावाल्याने टाकी उतरवून दोनशे किलोमीटर पाठवायची आणि तोवर धंदा बंद ठेवायचा, असे असेल तर तो पाटीवरची तारीख स्वतःच पंचने ठोकून घेईल. दंड वाढवून हे थांबणार नाही.

पासिंगच्या रांगेत काय पाहावे, तेही लिहून देतो. टॉर्च आणि साबणाचे पाणी एवढेच सामान लागते. पाटीवरची तारीख. पट्टे घट्ट आहेत का, पट्ट्याखाली रबर आहे का. मल्टिव्हॉल्व्हवरचा हवाबंद डबा जागेवर आहे का आणि त्याची हवा काढणारी नळी गाडीबाहेर उघडते का. डिकीत सामानाला जागा हवी म्हणून हा डबा काढून टाकलेल्या गाड्या असतात, आणि मग वॉल्व्हची बारीकशी गळतीही थेट बसायच्या जागेत येते. तांब्याचा पाइप सायलेन्सरपासून लांब आणि दर अर्ध्या मीटरला क्लिपने धरलेला आहे का. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी. पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरे गाऱ्हाणे तेल कंपन्यांशी, आणि ते प्रोपेनचे आहे. पंपाच्या पावतीवर लिटर असतात, दर असतो. त्या लिटरमध्ये प्रोपेन किती आणि ब्यूटेन किती, हे नसते. गिऱ्हाइकाला ते कळून काय करायचे, असे वाटेल. पण गाडीचे वागणे त्यावरच ठरते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. निफाडला पारा ५ अंशांवर येतो त्या पहाटे शुद्ध प्रोपेनच्या टाकीत वातावरणापेक्षा साडेचार बार जास्त दाब असतो. शुद्ध ब्यूटेनच्या टाकीत पाव बारही नसतो. मिश्रण ब्यूटेनकडे झुकलेले असेल तर रिक्षा सकाळी उठत नाही, उठली तर धक्के देते. पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन गरम झाल्यावर गॅसवर जाणाऱ्या मोटारीला याचे फारसे काही वाटत नाही; नुसत्या गॅसवरच्या रिक्षेला वाटते. उन्हाळ्यात उलटे: तेव्हा ब्यूटेन जास्त असलेला बरा, टाकीतला दाब आटोक्यात राहतो. युरोपात हिवाळ्यासाठी गॅसचे वेगळे दर्जे ठरलेले आहेत. अमेरिकेत गाड्यांना जो एचडी-५ दर्जा चालतो त्यात किमान ९० टक्के प्रोपेन असावा लागतो. आपल्या मानकात वाफेचा दाब आणि ऑक्टेन (इंजिनात ठोके न पडू देण्याचा गुण) यांच्या मर्यादा आहेत, पण त्या मर्यादांच्या आत मिश्रण बरेच हलू शकते.

याचा भुर्दंड आमच्याकडे येतो. प्रोपेनचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वर, ब्यूटेनचा प्रोपेनहून खाली. एका मिश्रणावर केलेले ट्यूनिंग दुसऱ्यावर पातळ (हवेच्या मानाने गॅस कमी) किंवा जाड (गॅस जास्त) पडते. पातळ पडले की एक्झॉस्ट वॉल्व्हची बैठक तापून झिजते, टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट मिटत जाते आणि शेवटी कॉम्प्रेशनच जाते. म्हणून गॅसच्या गाडीचे टॅपेट पेट्रोलच्या गाडीच्या निम्म्या किलोमीटरलाच तपासावे, प्लगची फट ०.७ मिमीपर्यंत आणावी, असे आम्ही सांगतो. हवा आणि गॅस आधीच मिसळणाऱ्या जुन्या मिक्सरच्या किटमध्ये प्लग किंवा वायर दमली की बॅकफायर होऊन (गॅस उलटा पेटून) एअर फिल्टरचा डबा फुटतो. द्रव गॅसचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरच्या तळाशी तेलकट काळा गाळ साचतो. इंजिन गरम असताना खालचा ड्रेन प्लग उघडून तो काढावा लागतो. गाळ फार लवकर साचू लागला की गॅसमध्ये जड अंश जास्त आहे किंवा गॅस घरगुती टाकीतला आहे, इतके आम्हाला कळते. कुठला ते कळत नाही, कारण पावती गप्प असते. (व्हेपोरायझरवर बर्फ धरला की गॅसला दोष देणारे पुष्कळ आहेत. तो दोष गॅसचा नसतो. बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये पाणी कमी असते किंवा गरम पाण्याच्या नळीत हवा अडकलेली असते.)

प्रत्येक टँकरसोबत पंपावर जो गुणवत्तेचा कागद येतो त्यावरचे प्रोपेन-ब्यूटेनचे प्रमाण आणि ४० अंशांवरचा वाफेचा दाब पंपाच्या फलकावर रोज लिहावा. एका खडूचा खर्च आहे. आणि उत्तर महाराष्ट्रासाठी डिसेंबर-जानेवारीत प्रोपेनचे प्रमाण वाढवून द्यावे.

फलकावर आणखी एक ओळ हवी. एलपीजीच्या लिटरमध्ये सुमारे २५ मेगाज्यूल ऊर्जा, पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२. म्हणजे तेवढ्याच अंतराला सुमारे २८ टक्के जास्त लिटर लागतात. पेट्रोलच्या दराच्या ७८ टक्क्यांखाली गॅस मिळाला तरच पैसे वाचतात. हे किट विकताना कुणी सांगत नाही. महिन्याभराने गिऱ्हाईक ‘किट गॅस पिते’ म्हणत भांडायला येते.

चौथी गोष्ट किटच्या मंजुरीची. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये बीएस-६ पेट्रोल गाड्यांना साडेतीन टनांपर्यंत सीएनजी-एलपीजी किट बसवायला परवानगी दिली, पण मंजुरी तीन वर्षांची. त्याच किटमध्ये, त्याच इंजिनावर एक स्क्रू बदललेला नसताना चाचणीचा खर्च पुन्हा करायचा. एलपीजीचा धंदा छोटा. किट बनवणारे नूतनीकरण सोडून देतात आणि मग त्या गाडीला कायदेशीर किटच उरत नाही. बेकायदा मात्र कुठेही मिळते. बदल नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि नमुना-तपासणीवर मंजुरी पुढे चालू ठेवावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने खाजगी सीएनजी-एलपीजी मोटारींचा कर एक टक्क्याने वाढवला, त्याबद्दल आम्ही तक्रार करत नाही. त्यातला थोडा पैसा या इंधनाच्या तपासणीवर लागावा, इतकेच.

शेवटी आमच्यावरही बंधन घाला. आज हातात पाना असलेला कुणीही किट बसवतो. आयटीआयमध्ये ऑटो एलपीजीचा छोटा अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक परीक्षा आणि क्रमांकाचा परवाना सुरू करावा. बसवलेल्या प्रत्येक किटवर त्या क्रमांकाचा शिक्का सक्तीचा असावा. फ्लोटची काडी वाकवणारा सापडला तर त्याचा परवाना जावा. या परीक्षेला बसायला आमची तयारी आहे, आणि पासिंगच्या निरीक्षकांना टाकी उघडून दाखवण्यासाठी लागेल तो एक दिवस आम्ही बिनमोबदला देऊ.

वरील प्रत्येक मागणीवर होय, नाही किंवा कधी, असे लेखी उत्तर ९० दिवसांत मिळावे. ‘नाही’ असेल तर कारण लिहावे.

आपले,
ऑटो एलपीजी किट बसवणारे व दुरुस्त करणारे कारागीर